मासिक हप्ता आणि लेखनपूर्व सिद्धता : चार्ल्स डिकन्सच्या अंकटिपांचा विचार

१

कथा लिहावयास बसण्यापूर्वी तिची किती सिद्धता करावी, हा प्रश्न साहित्यचर्चेत बहुधा स्वभावभेदाचा म्हणून बाजूस सारला जातो. काही लेखक सारे आधी ठरवितात, काही लेखणी नेईल तिकडे जातात, असे म्हटले की चर्चा संपते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र या प्रश्नाची अशी बोळवण करता येत नव्हती. कादंबरी मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होऊ लागल्यावर तो प्रश्न लेखकाच्या प्रकृतीचा न राहता छापखान्याच्या दिनदर्शिकेचा झाला. महिनाअखेरीस अंक विक्रीस ठेवावयाचा, त्याची पृष्ठे ठरलेली, चित्रकाराला प्रसंग आधी सांगावयाचे, आणि एकदा छापून गेलेला भाग परत घेता यावयाचा नाही. अशा परिस्थितीत लेखनाचा वेग कशावर अवलंबून असतो, याचा कागदोपत्री पुरावा मागे ठेवणारा लेखक म्हणजे चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) होय.

डिकन्सच्या उत्तरायुष्यातील बहुतेक मोठ्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांबरोबर त्याच्या अंकवार टिपा उपलब्ध आहेत. त्याचा मित्र व चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने आपला संग्रह लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास दिला. तेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून प्रसिद्धीस आले. जॉन बट आणि कॅथलीन टिलटसन यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या टिपांचा पद्धतशीर उपयोग केला, आणि १९८७ साली हॅरी स्टोन यांनी त्या एकत्र संपादून छापल्या. या टिपांवरून जो निष्कर्ष निघतो तो प्रचलित समजुतीहून काहीसा निराळा आहे. आधी सर्व ठरवून ठेवले म्हणून लेखन सुकर होते, असे त्या दाखवीत नाहीत. आज काय लिहावयाचे नाही हे ठरले म्हणजे जे लिहावयाचे ते मोकळे होते, असे त्या दाखवितात.

२

या टिपांचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीची दहा वर्षे पाहणे अवश्य आहे. ‘पिकविक पेपर्स’चा पहिला अंक १८३६च्या मार्चअखेरीस निघाला. चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांची मूळ कल्पना रॉबर्ट सेमूर या चित्रकाराच्या विनोदी चित्रांना मजकूर पुरविण्याची होती. लेखक येथे दुय्यम होता. २० एप्रिल १८३६ रोजी सेमूरने आत्महत्या केली आणि योजनेचा आधारच नाहीसा झाला. पुढे प्रत्येक अंकात बत्तीस पृष्ठे व दोन चित्रे, किंमत एक शिलिंग, असे स्वरूप ठरले आणि चित्रकारापेक्षा लेखकाचे पारडे जड झाले. वीस भागांची ही मालिका १८३७च्या नोव्हेंबरात संपली तेव्हा तिचा खप सुमारे ४०,००० प्रतींवर पोहोचला होता.

या काळात डिकन्सचा वेग थक्क करणारा होता. ‘पिकविक’ चालू असतानाच १८३७च्या फेब्रुवारीपासून ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ दुसऱ्या मासिकात सुरू झाली, आणि ती संपण्यापूर्वीच १८३८ साली ‘निकोलस निकल्बी’ला आरंभ झाला. पूर्वयोजनेवाचून दोन कादंबऱ्या एकाच वेळी लिहिणाऱ्या लेखकास सिद्धतेची गरज काय, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो.

त्याचे पहिले उत्तर असे की, हा वेग तारुण्याच्या जोमावर उभा होता आणि एका आघाताने तो थांबत असे. १८३७च्या मे महिन्यात त्याची तरुण मेहुणी मेरी होगार्थ अकस्मात मरण पावली, आणि जूनमध्ये ‘पिकविक’ व ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या दोहोंचेही हप्ते निघू शकले नाहीत. हाताशी काहीच शिलकी नव्हते. दुसरे उत्तर रचनेसंबंधीचे आहे. ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ही १८४० साली एका साप्ताहिकातील लहानशी गोष्ट म्हणून सुरू झाली आणि वाढत वाढत कादंबरी झाली. आरंभी बोलणारा निवेदक पुढे निरुपयोगी ठरल्याने त्याला कथेतून निरोप द्यावा लागला. ‘मार्टिन चझलविट’ (१८४३–४४) हिचा खप अपेक्षेच्या मानाने फारच उतरला, तेव्हा नायकास एकाएकी अमेरिकेस धाडण्यात आले. हप्ता वेळेवर निघत होता, परंतु तो संपूर्ण कृतीत कोठे बसतो याचा निर्णय त्या त्या महिन्याच्या गरजेवर सोपविला गेला होता.

३

१८४६च्या जूनअखेरीस स्वित्झर्लंडमधील लोझान येथे डिकन्सने ‘डॉम्बी अँड सन’ लिहावयास घेतली. येथपासून त्याची पद्धत बदललेली दिसते. जुलैअखेरीस फॉर्स्टरला लिहिलेल्या पत्रात त्याने कथेचा ओघ सविस्तर कळविला. पित्याचा पुत्राविषयीचा गर्व, कन्येविषयीची उपेक्षा, पुत्राचा मृत्यू आणि त्यानंतर कन्येकडे वळणारी कथा, हे सारे त्यात आहे. मुलगा चौथ्या अंकात आजारी पडून मरेल, असेही त्याने कळविले होते.

प्रत्येक अंकासाठी एक कागद, हा या पद्धतीचा बाह्य भाग होय. कागद आडवा धरून त्याचे दोन भाग पाडलेले असत. उजव्या बाजूस अंकाचा क्रमांक, प्रकरणांची शीर्षके आणि त्यांतील प्रमुख प्रसंग. डाव्या बाजूस मोकळ्या स्मरणटिपा : येऊ शकतील अशी पात्रे, सुचलेली एखादी प्रतिमा, पूर्वीच्या अंकातून पुढे न्यावयाचे धागे, आणि लेखकाने स्वतःलाच विचारलेले प्रश्न. उजव्या बाजूच्या सर्वच नोंदी लेखनापूर्वीच्या नाहीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. काही नोंदी प्रकरण लिहून झाल्यावर, पुढील महिन्यांत मागचे पाहावयास सोयीचे जावे म्हणून केलेल्या आहेत. म्हणजे हा कागद जितका आराखड्याचा तितकाच जमाखर्चाचाही आहे. कोणता धागा कोठपर्यंत आणला, कोणाचे देणे वाचकास अद्याप फेडावयाचे आहे, याचा हिशेब त्यात राहतो.

भाषिक दृष्टीने पाहता डावी बाजू अधिक बोलकी आहे. तेथे पूर्ण वाक्ये क्वचितच आढळतात. पात्राचे नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह, एवढेच वाक्य असते. त्यापुढे, कित्येकदा मागाहून, उत्तर येते. उत्तरे होकारार्थी असतात, नकारार्थी असतात, आणि वारंवार ‘अजून नको’ अशा अर्थाची असतात. ‘ब्लीक हाउस’च्या (१८५२–५३) टिपांत रस्ता झाडणाऱ्या अनाथ जो याच्या नावापुढे होकार आणि त्यालगतच त्याला मारावयाचा निर्णय, अशी दोन-तीन शब्दांची नोंद आहे. ज्या मृत्यूने असंख्य वाचकांचे डोळे पाणावले, त्याचा निर्णय जमाखर्चाच्या कीर्दीत शोभावा अशा कोरडेपणाने लिहिलेला आहे. लेखकाचे अंतःकरण कोरडे होते, असा याचा अर्थ नव्हे. निर्णय आणि वर्णन ही दोन निराळी कामे त्याने निराळ्या वेळी केली, एवढाच याचा अर्थ. वर्णनाच्या वेळी निर्णयाचा भार मनावर उरला नव्हता, म्हणूनच सर्व शक्ती वर्णनात ओतता आली.

‘नाही’ आणि ‘अजून नको’ यांतील भेद या पद्धतीचे मर्म आहे. नकाराने कल्पना नष्ट होते. ‘अजून नको’ या उत्तराने ती राखून ठेवली जाते. हप्त्यांनी लिहिणाऱ्याला दोन्ही बाजूंनी भय असते. एका बाजूस रिकाम्या कागदाचे, तर दुसऱ्या बाजूस सुचलेले सारे एकाच अंकात खर्चून बसण्याचे. डावी बाजू पहिल्या भयावर उपाय करते आणि ‘अजून नको’ हे उत्तर दुसऱ्यावर. ‘डॉम्बी’तील वॉल्टर गे या तरुणास हळूहळू अधोगतीस न्यावयाचे, असा १८४६च्या पत्रातील बेत होता. तो डिकन्सने सोडून दिला. परंतु चांगल्या स्वभावाचा तरुण आशेवर जगता जगता कसा ढासळतो, ही कल्पना सहा-सात वर्षांनी ‘ब्लीक हाउस’मधील रिचर्ड कार्स्टनच्या रूपाने आली.

४

या सिद्धतेने लेखन शीघ्र झाले काय? सरळ अर्थाने नाही, असेच म्हणावे लागेल. लोझानहून लिहिलेल्या पत्रांत डिकन्स मंद गतीची तक्रार करतो. रात्री भटकावयास लंडनचे रस्ते नाहीत, म्हणून लेखणी चालत नाही, असे त्याचे म्हणणे. त्यातच नाताळासाठीचे ‘द बॅटल ऑफ लाइफ’ हे पुस्तकही त्याच सुमारास लिहावयाचे होते, आणि ते सोडून द्यावे की काय असेही त्याच्या मनात आले. ‘डॉम्बी’चा पहिला अंक आराखडा असूनही ठरलेल्या पृष्ठांपेक्षा मोठा झाला आणि त्यातील मजकूर कापावा लागला. चौथ्या अंकात योजिलेला लहान पॉलचा मृत्यू प्रत्यक्षात पाचव्या अंकात, १८४७च्या फेब्रुवारीत, आला. उलट ज्या काळात आराखडा नव्हता त्याच काळात एका वेळी दोन कादंबऱ्या चालत होत्या. तेव्हा पूर्वसिद्धतेने पानांची संख्या वाढते, हे विधान डिकन्सच्या उदाहरणावरून सिद्ध होत नाही.

येथे ‘वेग’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक, लेखणी कागदावर किती झपाट्याने चालते. दुसरा, लिहिलेले कृतीत बसते की नाही, याविषयीच्या अनिश्चिततेत किती काळ जातो. पहिला वेग प्रकृतीचा व वयाचा आहे, तर दुसरा सिद्धतेचा. पॉलच्या मृत्यूचे प्रकरण याची साक्ष देते. समुद्राच्या लाटा काय सांगतात, हा प्रश्न त्या मुलाच्या तोंडी आठव्या प्रकरणात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर, घातलेला आहे. त्याचे उत्तर सोळाव्या प्रकरणात, त्याच्या मृत्युशय्येपाशी, येते. मधल्या अंकांत तो धागा हाती राखून ठेवण्याचे श्रम झाले नसते, तर मृत्यूचा प्रसंग लिहिताना त्याचा अर्थ नव्याने शोधावा लागला असता.

ही सिद्धता ताठर नव्हती, हेही टिपांवरून व प्रत्यक्ष कृतींवरून दिसते. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९–५०) मिस माउचर ही ठेंगणी स्त्री प्रथम कुटिल म्हणून योजिलेली होती. तिच्यात आपले व्यंगचित्र पाहून एका शेजारणीने लेखकाकडे दुःख व्यक्त केले, तेव्हा पुढील अंकात त्याने त्या पात्राचा रोख पालटला आणि तिला सहृदय केले. छापलेला भाग बदलता येत नव्हता, पण पुढचा भाग बदलण्याइतकी जागा आराखड्यात होती. नावांच्या बाबतीत मात्र तो अडून बसे. चझलविट हे नाव ठरण्यापूर्वी चझलटो, चझलबॉय, चबलविग अशी रूपे त्याने घडवून पाहिली. कॉपरफील्डपूर्वी ट्रॉटफील्ड, कॉपरबॉय, कॉपरस्टोन अशी. नाम निश्चित झाल्यावाचून पात्र बोलू लागत नाही, असा त्याचा अनुभव दिसतो. १८५५च्या जानेवारीपासून त्याने एक स्वतंत्र टिपणवही ठेवली. तीत नावांच्या याद्या आणि कथाबीजे आहेत, आणि त्यांतील कित्येक पुढील कादंबऱ्यांत उपयोगात आली. अंकटिपा एका कृतीपुरत्या होत्या, तर ही वही सर्व भावी कृतींची कोठी होती.

५

एका लेखकाच्या उदाहरणावरून नियम बांधणे योग्य नव्हे. म्हणून समकालीन अँथनी ट्रोलप (१८१५–१८८२) याच्याशी तुलना उपयुक्त ठरते. ट्रोलप टपाल खात्यात नोकरीस होता आणि ती त्याने १८६७ साली सोडली. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने आपली पद्धत निःसंकोचपणे सांगितली आहे. पहाटे साडेपाचला मेजापाशी बसावयाचे, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचावयाचे, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासास २५० शब्द लिहावयाचे. आठवड्यांच्या रकान्यांच्या रोजनिशीत रोजची पृष्ठे मांडलेली असत. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

या घड्याळामुळे ट्रोलप यांत्रिक ठरविला गेला. परंतु त्याच आत्मचरित्रात कथानकाच्या जुळणीविषयी तो उदासीन दिसतो. विल्की कॉलिन्स सारे तपशील आधी जुळवितो, आपणास ते साधत नाही, असे तो मोकळेपणाने म्हणतो. त्याची सिद्धता निराळी होती. पात्रांच्या सहवासात तो दिवसभर वावरे, त्यांचे बोलणे ऐके, त्यांच्याशी भांडे. प्रत्यक्ष लिहावयास बसताना कोण काय बोलेल हे शोधावे लागत नसे. संपूर्ण कादंबरी हाती असल्याखेरीज पहिला हप्ता छापू नये, असाही त्याचा नियम होता. १८६० साली ‘कॉर्नहिल’ मासिकासाठी ‘फ्रॅम्ली पार्सनेज’ घाईने सुरू करताना तो मोडावा लागला, याची नोंद तो करतो. तात्पर्य, डिकन्सने प्रसंगांची वाटणी आधी केली, ट्रोलपने पात्रांचा परिचय आधी केला. लेखणी उचलण्यापूर्वी काही निर्णय निकालात काढणे हे मात्र दोघांतही समान आहे.

हाच प्रश्न मराठीत साप्ताहिकाच्या रूपाने आला. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातच ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध केली. १८९३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. येथे संपादक व लेखक एकच असल्याने हप्त्याची निकड दुप्पट होती. या कादंबरीच्या रचनेतच सिद्धतेचे एक साधन दडलेले दिसते. यमूने आपली हकीकत मागाहून सांगितली आहे, अशी तिची मांडणी आहे. सांगणारीला शेवट ठाऊक आहे. पुढे काय भोगावे लागले याची छाया त्यामुळे बालपणाच्या साध्या प्रसंगांवरही पडते, आणि प्रत्येक हप्ता कोठे जावयाचा हे निवेदनाच्या स्वरातच ठरून जाते. डिकन्सचा ‘अजून नको’ कागदावर होता. यमूच्या निवेदनात तो आठवणीच्या रूपाने येतो. स्मृतिनिवेदनाचे हे रचनात्मक कार्य मराठी क्रमशः कादंबरीच्या अभ्यासात अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. आपट्यांच्या काही सामाजिक कादंबऱ्या पुढे अपूर्ण राहिल्या, हे पाहता त्यांच्या पूर्ण व अपूर्ण कृतींची या दृष्टीने तुलना उद्बोधक ठरेल.

६

सिद्धतेची खरी कसोटी संकटात लागते. ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ (१८६४–६५) सुरू करताना काही अंक आधी तयार असावेत, असा डिकन्सचा आग्रह होता. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे त्याची आगगाडी रुळांवरून घसरली. तो बचावला, जखमींना साहाय्य केले, आणि लोंबकळणाऱ्या डब्यात पुन्हा चढून हस्तलिखित घेऊन आला. त्यानंतरचा सोळावा अंक अडीच पृष्ठांनी अपुरा भरला. ‘पिकविक’नंतर असे कधी झाले नव्हते, असे त्याने फॉर्स्टरला कळविले. परंतु अंक चुकला नाही. १८३७ साली शोकाने हप्ता थांबला होता, १८६५ साली अपघाताने तो फक्त अडीच पृष्ठांनी उणा पडला. दोन्ही आघात सारखे नव्हते, लेखकही तोच राहिला नव्हता, हे मान्य करूनही या अंतराचा काही वाटा सिद्धतेकडे जातो.

या पद्धतीची मर्यादा अखेरच्या कादंबरीत स्पष्ट होते. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ बारा अंकांची योजिलेली होती. पहिला अंक १८७०च्या एप्रिलमध्ये निघाला, आणि ९ जून १८७० रोजी डिकन्स मरण पावला. सहा अंकांपुरता मजकूर हाती होता. पुढील रहस्य टिपांत सापडेल, अशी अपेक्षा साहजिक होती. परंतु सहा अंकांच्या टिपा भरलेल्या आहेत आणि सातव्याच्या कागदावर मथळ्यापलीकडे काही नाही. अनेकांनी ही कादंबरी पुरी करण्याचे यत्न केले. कागदांचा आधार कोणालाच मिळाला नाही.

त्या कोऱ्या कागदावरून अंकटिपांचे स्वरूप शेवटी निश्चित होते. त्या कथानकाचा साठा नव्हत्या. कथेचा शेवट लेखकाच्या मनात असे. कागदावर फक्त त्या महिन्याचा निवाडा होई. आज कोणास बोलवावयाचे, कोणास थांबवावयाचे, कोणता धागा एक पाऊल पुढे न्यावयाचा, एवढेच तेथे ठरे. शेवट आधी लिहून ठेवल्याने कथा लवकर होते, ही समजूत म्हणून अर्धवट आहे, आणि काहीच न ठरविता कथा उत्स्फूर्त होते ही समजूतही तितकीच अर्धवट. लेखन अडते ते बहुधा कल्पनांच्या अभावाने नव्हे. अनेक कल्पना एकाच वेळी दाराशी उभ्या राहतात, म्हणून ते अडते. त्यांना क्रम लावून देणे, आणि ज्यांची वेळ आलेली नाही त्यांना न घालविता थांबवून धरणे, हेच लेखनपूर्व सिद्धतेचे मुख्य कार्य होय.